पाणी आणि पाना

मागच्या महिन्यात एका बारशाच्या निमित्ताने मंगळवेढ्याकडे जाणे झाले. वाटेत ते गाव लागते, जिथे मी नोकरीची पहिली अकरा वर्षे काढली. गाडी थांबवून नातीला माझी शाळा दाखवली. पत्रे जाऊन आता स्लॅब आला आहे. पण पटांगणाच्या कोपऱ्यातला हातपंप अजून तिथेच उभा आहे. दांडा गायब, साखळी गंजलेली आणि ओट्यावर एक शेळी निवांत बसलेली.

नात पुण्यात वाढलेली, सातवीतली. म्हणाली, "आजी, हे काय आहे?" मी म्हटले, "हातपंप. आणि हा आपल्या सोलापूरचा, बरं का!" तिला वाटले, आजीला सगळे सोलापूरचेच वाटते. पण मंडळी, ही गोष्ट खरी आहे. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे, शेंगाचटणीही माहीत आहे. सोलापूरचा पंप मात्र खुद्द सोलापूरकरांनाही फारसा माहीत नाही. त्या पंपावरून गावाच्या पाण्याचे बरेच काही डोक्यात फिरू लागले, ते आज लिहून काढते.

पाण्याचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण मोठ्या गोष्टी सांगतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला तलाव. इंग्रजांनी १८६६ ते १८७१ या काळात आदिला नदीवर बांधलेला एकरुखचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला हिप्परग्याचा तलाव. १९८० साली पुरे झालेले आणि शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठवणारे उजनी धरण. हे सगळे थोरच. पण कोरडवाहू खेड्यातल्या बाईच्या हंड्यात यातले पाणी फार उशिरा पडले, काही ठिकाणी अजून पडायचे आहे. तिचे पाणी म्हणजे गावची विहीर, नाहीतर आड, तेही आटले तर ओढ्याच्या वाळूत खणलेला झरा.

या पाण्याला दोन दुखणी होती. पहिले नारूचे. आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाण्यात पाय घालून घागर भरत. ज्याच्या पायात नारू असे त्याच्या जखमेतून त्या किड्याची पिल्ले पाण्यात जात. तिथून ती पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जात. वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर येई. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे आणि रहाट आले, हातपंप आले, आणि पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लावली गेली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. यासाठी कुठली लस नव्हती की रामबाण गोळी नव्हती. पाणी कसे भरायचे आणि कसे प्यायचे एवढेच बदलले, आणि एक रोग देशातून गेला.

दुसरे दुखणे जातीचे. ते फडक्याने गाळून निघणारे नव्हते. गावची विहीर 'गावाची' म्हणायची, पण गाव म्हणजे कोण? महारवाडा, मांगवाडा यांची माणसे विहिरीपासून लांब घागर घेऊन बसत, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षांचा खटला.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा १९२० साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम आला. गावाला पाणी पुरवणे हे पंचायतीचे काम, हे त्यात लिहिले आहे. मी शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. 'ग्रामपंचायतीची कामे लिहा' हा पाच गुणांचा हमखास प्रश्न. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, गटारे, जन्ममृत्यूची नोंद... मुले डोळे मिटून घडाघडा म्हणत. मी पूर्ण गुण देत असे. पाणीपुरवठा हा शब्द उत्तरात पहिला असायचा. प्रत्यक्षात पंचायतीजवळ ना पैसा होता, ना माणूस, ना साधन.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीच्या अंगावर तो गोंदल्यासारखा आहे. खडी फोडणारी माणसे, लाल मिलोच्या भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. पोटाची सोय त्या कामांनी केली. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचे पुढे कायद्यात रूपांतर झाले. पण पाण्याचे काय? आपल्याकडे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हाताने खणलेल्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि पाषाणात खोल जायला माणसाच्या हातात बळ नव्हते. त्या काळात बोअर पाडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. युनिसेफने अशी यंत्रे देशात आणायला मदत केली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही याच सुमारास उभी राहिली.

बोअर झाले की त्यावर हातपंप बसवायचा. इथे गंमत झाली. पंप होते बिडाचे, एखाद्या घरापुरते वापरायच्या जातीचे. ते बसवले पाचशे माणसांच्या गावात. पहाटे चारपासून रात्रीपर्यंत दांडा खाली-वर. खिळी झिजत, दांडे तुटत. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद असल्याचे आढळले. पाणी खाली होते, भोक पाडून झाले होते, पैसा खर्च झाला होता, आणि बायका पुन्हा झऱ्यावर.

सोलापूरचे नाव इथे येते. आपल्या शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने 'सोलापूर वेल सर्व्हिस' नावाचे काम चाले, बोअर पाडण्याचे आणि पंप बसवण्याचे. जालन्यालाही मिशनच्या लोकांनी असे प्रयोग केले होते. सोलापूरच्या कारखान्यात जो पंप घडला तो बिडाऐवजी पोलादाचा होता. दांड्याला अनेक खिळींऐवजी एकच भक्कम धुरा. दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये एक साखळी, ती अर्धवर्तुळाकार पट्टीवरून फिरे, त्यामुळे सळई सरळ खाली-वर जाई आणि झीज कमी होई. पंपाची बैठकही बोअरच्या नळीभोवती सिमेंटने पक्की केलेली, म्हणजे वरचे सांडपाणी आत झिरपायला वाव नाही.

१९७०च्या दशकाच्या मध्यात भारत सरकार आणि युनिसेफ टिकाऊ पंपाच्या शोधात होते, तेव्हा उपलब्ध पंपांत त्यांना हाच सर्वांत दणकट वाटला. त्याच्यावरूनच 'इंडिया मार्क टू' तयार झाला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत तो बनू लागला. पुढे देशभर आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे पन्नास लाख पंप तयार झाले होते. नातीला हा आकडा सांगितला तेव्हा तिने त्या गंजलेल्या पंपाचा फोटो काढला!

असो. पण खरी गोष्ट याच्यापुढे आहे.

आमच्या शाळेत हा पंप आला आणि सगळ्या गावाने नारळ फोडला. दोन वर्षे सुरळीत गेली. एके वर्षी होळी झाली आणि पंप कोरडा हलू लागला. आत खोल काहीतरी तुटले होते. मार्क टू पंपाची आतली दुरुस्ती म्हणजे तिकाटणे उभे करून सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर काढायचे. त्याला चार-पाच जाणती माणसे, अवजारे आणि गाडी लागे. हे सगळे तालुक्याला. सरपंचांनी अर्ज पाठवला. मग दुसरा. मुख्याध्यापकांनी पोस्टकार्ड टाकले. गाडी आली ती आषाढात, पाऊस सुरू झाल्यावर.

त्या वर्षीचा माझ्या वर्गाचा हजेरीपट मला अजून आठवतो. मार्च-एप्रिलमध्ये मुलग्यांच्या नावांपुढे हजेरी आहे आणि मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी. वार्षिक परीक्षेला अकरापैकी चार मुली आल्या. बाकीच्या ओढ्यावर होत्या. त्यातल्या तीन पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. एक पाना, दोन चामडी वायसर आणि चार जाणती माणसे गावात नव्हती, म्हणून तीन मुलींचे शिक्षण संपले. हे मी त्या वेळी कुठे लिहिले नाही. पटावरून नावे कमी केली, एवढेच.

त्याच सुमारास तमिळनाडूत त्रिस्तरीय दुरुस्तीची पद्धत सुरू झाली होती, ती हळूहळू इतरत्र पसरली. गावात एक पंपराखा, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह पथक. आमच्या गावात हे काम सायकल दुरुस्तीवाल्या मामांकडे आले. दर आठवड्याला साखळीला ग्रीस लावायचे, नट आवळायचे, ओट्याभोवती चिखल होऊ द्यायचा नाही. पान्यांची जोडी त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असे. कुणीही विचारले, "मामा, पाना कुठाय?" तर ते न बघता भिंतीकडे बोट करत. मामा होते तोवर पंप फारसा बंद पडला नाही.

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने पिण्याच्या पाण्याचे दशक म्हणून पाळले. त्यात हाच धडा जगभर पुढे आला की पंप असा हवा जो गावच चालवील आणि गावच दुरुस्त करील. त्यातून कोइमतूरकडे 'मार्क थ्री'चे प्रयोग झाले. त्याचा पाइप रुंद, त्यामुळे सगळे पाइप न काढता आतला दट्ट्या वर ओढता येतो. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमातल्या बायका हातपंप दुरुस्तीचे काम शिकल्या. यातल्या कित्येक दलित होत्या आणि लिहितावाचता न येणाऱ्या होत्या. ज्यांचा हात लागला म्हणून विहीर बाटायची, त्यांच्याच हातात गावाच्या पंपाचा पाना आला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

कारण आपल्याकडे जातीच्या दुखण्यावर हातपंपाने एक सोपी पळवाट दिली होती. गावात एक पंप आणि दलित वस्तीत वेगळा पंप. पाणी मिळाले हे खरे, त्याची गरजही होती. पण एकमेकांच्या पाण्याला हात लावायची वेळ त्यामुळे टळली. बहात्तरच्या दुष्काळाच्या काळातच डॉ. बाबा आढाव 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रातली शेकडो गावे फिरत होते आणि गावकऱ्यांना विचारत होते, की दुष्काळात तरी पाणवठा एक का नाही? हा प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून तो कुठल्याच योजनेत बसला नाही.

पुढे काळ नळयोजनांचा आला. विहीर, मोटार, उंच टाकी, नळकोंडाळी. मग प्रादेशिक योजना आल्या, एका उद्भवावरून अनेक गावांना पाणी. आपल्या सांगोल्याची शिरभावी योजना तर ऐंशीच्या आसपास गावांची. पाणी जितके लांबून येऊ लागले तितका पाना गावापासून लांब गेला. पूर्वी वायसर फाटत असे, आता विजेचे बिल थकते. मोटार जळते. वसूल न झालेली पाणीपट्टी तशीच पडून राहते, कारण निवडणुकीच्या तोंडावर ती मागणार कोण?

कायदे मात्र चांगले होत गेले. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या यादीत घटनेतच आला. त्याच वर्षी राज्यात कायदा झाला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घ्यायची नाही. २००९च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यावर बंधन आणले. आता आपल्या जिल्ह्यात कुठेही उभे राहून सभोवार पाहा. ऊस दिसेल आणि पाच-सातशे फुटांच्या बोअरच्या गप्पा ऐकू येतील. उसाने वरचे पाणी ओढले की गावची विहीर एप्रिलात आटते आणि टँकर लागतो. टँकरला आपण दुष्काळ म्हणतो. काही वेळा तो शेजाऱ्याचा बोअर असतो.

२००० साली राज्य शासनाने धोरणच बदलले. योजना हवी असेल तर मागणी ग्रामसभेने करायची, खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी काढायची, गावाची पाणीपुरवठा समिती करायची आणि पुढे योजना गावानेच चालवायची. केंद्राची स्वजलधारा २००२ साली आणि जागतिक बँकेच्या मदतीने राज्याचे जलस्वराज्य २००३ साली सुरू झाले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेले जल जीवन मिशनही त्याच वाटेने जाते. घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर पाणी, गावाने स्वतः केलेला आराखडा, समितीत निम्म्या बायका आणि पाणी तपासायला गावातल्याच पाच बायकांना पेटी. हे काम आधी २०२४ पर्यंत पुरे व्हायचे होते, आता मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे.

गाव मनावर घेते तेव्हा काय होते याची उदाहरणे आहेत. नगर जिल्ह्यातले (आताचा अहिल्यानगर) हिवरे बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे, मग जनावरे, मग पिके. पाणी कमी असेल तर त्या वर्षी कोणती पिके घ्यायची नाहीत हे सभाच ठरवते. शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद. आपल्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाने २०१९ साली वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा आम्ही इथे घरी पेढे वाटले होते. पण श्रमदानाने पाणी अडवणे हा उत्साहाचा भाग झाला. अडवलेले पाणी कुणी किती उपसायचे हे दरवर्षी, न भांडता ठरवणे हा खरा अवघड भाग आहे. त्याला बक्षीस नसते.

परत शाळेकडे येते. आम्ही पंपापाशी उभ्या होतो तेव्हा एक बाई लगबगीने आल्या. पन्नाशी उलटलेल्या. म्हणाल्या, "बाई, ओळखलं का?" माझी विद्यार्थिनी. त्या आता गावच्या पाणी समितीत आहेत. सध्या चौथ्या दिवशी पाणी येते म्हणाल्या. मोटार एकदा जळली, बिल थोडे थकले आहे. मी म्हटले, "मग तुम्ही काय करता?" त्या मला ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. तिथे फळा आहे. या महिन्यात पाणीपट्टी किती जमली, वीजबिल किती, टीसीएल पावडर किती आणली, पाणी सोडणाऱ्याचा पगार किती, सगळे खडूने लिहिलेले. "निम्मी घरं देत्यात. फळा लावल्यापासनं थोडी वाढली. लोकं येता-जाता वाचत्यात ना."

मग हसून म्हणाल्या, "तुम्ही ग्रामपंचायतीची कामं पाठ करून घेतली हुती. मला अजून येत्यात."

मी काही बोलू शकले नाही. मंडळी, कबूल करते. त्या गावात अकरा वर्षे मी ग्रामपंचायतीची कामे शिकवली, पण एकाही ग्रामसभेला गेले नाही. मास्तरणीने कशाला तिथे बसायचे, असे वाटे. पंप बंद पडला त्या उन्हाळ्यात मी सभेत उभी राहून तो हजेरीपट वाचून दाखवला असता तर? गाडी कदाचित लवकर आली नसती. पण निदान गावाला कळले असते की बंद पंपाची किंमत कोण भरते आहे.

पाणी धरणाचे असो, बोअरचे असो की मिशनच्या नळाचे, ते बाहेरून कुणीतरी आणून देते. ते टिकते मात्र एकाच प्रश्नावर, जो मामांच्या दुकानात रोज विचारला जायचा. मामा, पाना कुठाय? तो फळा म्हणजे आजचा पाना आहे.

तुम्ही गावी जाल तेव्हा एकदा ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे बघा, असा फळा आहे का ते. आणि ग्रामसभा लागली असेल तर जाऊन बसा. दोन तास जातात, बाकी काही नाही. मला ते सत्तरी उलटल्यावर सुचले, तुम्हाला लवकर सुचो.